टोमॅटोची मर: आधी खोड चिरून बघा, मग वाण निवडा, औषधाचं सगळ्यात शेवटी

टोमॅटोचा प्लॉट पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी हे लिहितोय. करप्यावर, नागअळीवर, व्हायरसवर बोलणारे भरपूर भेटतात, पण मरीचा विषय निघाला की "अमुक आळवणी करा, थांबते" एवढ्यावरच गाडी अडते. बुरशीची मर एकदा झाडाच्या आत शिरली की कुठल्याच आळवणीने (बुडाशी औषधाचं पाणी ओतून) ते झाड परत येत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. करपा पानावर असतो, फवारणी त्याच्यापर्यंत पोचते. मरीची बुरशी खोडातल्या पाण्याच्या नळ्यांत बसलेली असते, तिथे तुमचं औषध पाहिजे तेवढं पोचतच नाही. त्यामुळे या रोगात जे काय करायचं ते बहुतेक लागवडीच्या आधी करायचं असतं, आणि त्यातही सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे वाण.

बुरशीचं नाव फ्युजारियम ऑक्सिस्पोरम, आणि त्यातला जो प्रकार टोमॅटोच्याच मागे लागतो त्याच्यापुढे लायकोपर्सिसी असं शेपूट लावतात. १८९५ साली इंग्लंडमध्ये मॅसी नावाच्या शास्त्रज्ञाने टोमॅटोवरच्या या रोगाची पहिल्यांदा नोंद केली, म्हणजे हे काही काल-परवाचं संकट नाही. ही बुरशी जमिनीत जाड कवचाचे बीजाणू करून वर्षानुवर्षं पडून राहते, पीक नसलं तरी. टोमॅटोचं मूळ जवळ आलं की जागी होते, मुळाच्या टोकातून किंवा जखमेतून आत जाते आणि नळ्यांमधून वर चढत राहते. झाड पण गप्प बसत नाही, तिला अडवायला आपल्याच नळ्यांत डिंकासारखा पदार्थ आणि गाठी तयार करतं, आणि मग बुरशी प्लस डिंक असं दोन्हीकडून पाणी बंद होतं. खाली ठिबक चालू, जमीन ओली, आणि झाड तहानेनं मरतंय, हा प्रकार असा होतो.

पहिलं काम: मर आहे का, आणि कुठली

दुकानात जायच्या आधी हे करा. आपल्याकडे झाड सुकलं की सरसकट मर म्हणतात, पण सुकण्यामागे चार-पाच वेगवेगळे रोग असू शकतात आणि प्रत्येकाचा वाण वेगळा, उपाय वेगळा.

फ्युजारियमची सुरुवात खालच्या पानांपासून होते. पान पिवळं पडतं, आणि बऱ्याचदा गंमत अशी दिसते की झाडाची एकच बाजू पिवळी, दुसरी बाजू हिरवीगार, कधी कधी तर एकाच पानाच्या दांड्यावर एका बाजूच्या पानोळ्या पिवळ्या आणि समोरच्या चांगल्या. दुपारी झाड मान टाकतं, संध्याकाळी परत उभं राहतं, असं काही दिवस चालतं आणि मग एके दिवशी उठतच नाही. हे जास्त करून फुलं-फळं धरायच्या वेळेला दिसतं कारण तेव्हा झाडाला पाणी जास्त लागतं आणि नळ्या बुजलेल्या असतात.

आता झाड उपटा. उपटताना मुळं तुटू देऊ नका, खुरप्याने सैल करून काढा. मुळं धुवून आधी गाठी बघा, त्याचं पुढे सांगतो. मग जमिनीच्या वर चार-सहा इंचावर धारदार चाकूने खोड तिरकं चिरा. बाहेरची साल आणि आतला पांढरा गाभा यांच्या मधे जी पातळ रिंग असते, तिथे तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा रंग दिसला आणि गाभा मात्र स्वच्छ पांढरा राहिला, तर फ्युजारियमवर संशय घट्ट धरा. थोडं वर जाऊन परत चिरा. फ्युजारियममध्ये हा रंग खोडात बराच वरपर्यंत चढलेला सापडतो. अजून एक सोपी खूण, पिवळं पडलेलं पान खोडाला लागून खाली ओढून तोडा, जिथून तुटलं तिथे तपकिरी ठिपके दिसतील. झाड न उपटता पण हे बघता येतं.

दुसरी परीक्षा ग्लासची. काचेचा पारदर्शक ग्लास, त्यात स्वच्छ पाणी, आणि सुकलेल्या झाडाच्या बुडाचा दोन इंचाचा ताजा तुकडा. तुकडा दोऱ्याने बांधून असा लटकवा की खालचं टोक पाण्यात बुडेल, आणि ग्लास हलवू नका. चार-पाच मिनिटांत तुकड्यातून दुधासारखी पांढरी धार सरळ खाली उतरायला लागली तर ती बुरशी नाहीच, तो जिवाणू आहे, राल्स्टोनिया. जिवाणूजन्य मरीत झाड पिवळं न पडता हिरवंच्या हिरवं दोन-तीन दिवसांत लोळतं. कोकण, गोवा, म्हणजे जिथे जमीन आंबट, पाऊस जबर आणि हवा दमट, तिथे ही जास्त. धार आली नाही, पाणी स्वच्छ राहिलं आणि रिंग तपकिरी आहे, तर बुरशी.

बुडाशी जमिनीलगत पांढरी कापसासारखी बुरशी आणि त्यात मोहरीसारखे गोल दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियमची खोडकूज. मुळं काळपट, साल ओढली की सुटून हातात येते, तर पाणी जास्त झाल्याने आलेली मुळकूज. रोपवाटिकेत रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडतं ती रोपांची मर, तिचा या लेखाशी संबंध नाही. आणि व्हर्टिसिलियम नावाची अजून एक मर आहे, पानाच्या कडेपासून आत जाणारा इंग्रजी व्ही आकाराचा पिवळा डाग तिची ओळख, पण तिला थंडी लागते, म्हणून ती थंड मुलखातल्या लोकांची डोकेदुखी आहे. आपल्याला उन्हाळी आणि खरीप टोमॅटोत फ्युजारियमच जास्त त्रास देतं, कारण जमिनीचं तापमान २८ अंशाच्या आसपास असलं की या बुरशीला एकदम मानवतं.

शंका असेल तर खोडाचा तुकडा आणि मुळं कागदात गुंडाळून (प्लास्टिकमध्ये नको, कुजतं) जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. नारायणगाव, बारामती, बाभळेश्वर अशी केंद्रं टोमॅटो पट्ट्याच्या जवळच आहेत, आणि राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा रोगशास्त्र विभाग आहे. पूर्ण वाळून काडी झालेलं झाड नेऊ नका, त्यात दहा प्रकारच्या बुरश्या येऊन बसलेल्या असतात. नुकतं पिवळं पडायला लागलेलं न्या.

दुसरं काम: वाण, आणि इथेच नवीन माणूस फसतो

कृषी सेवा केंद्रात जाऊन तुम्ही विचारता, "दादा, मरीला चालतं का हे?" आणि समोरून येतं, "बिनधास्त लावा, मर येतच नाही." खोटं बोलतोय असं नाही, पण कुठली मर हे ना तुम्ही विचारलं ना त्याने सांगितलं.

साधं उदाहरण घ्या. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा वाण तीन रोगांना प्रतिकारक म्हणून प्रसिद्ध आहे. ते तीन रोग म्हणजे पानं गोळा करणारा लीफ कर्ल व्हायरस, लवकर येणारा करपा आणि मर, पण ही मर जिवाणूची. कोकणात, गोव्यात हा वाण लावण्यात अर्थ आहे. ग्लासमध्ये धार आली असेल तर याच संस्थेचे अर्का आभा, अर्का आलोक हे सुद्धा जिवाणूच्या मरीसाठीच आहेत. पण तुमच्या खोडात तपकिरी रिंग आणि पाणी स्वच्छ, असं असेल तर "मर प्रतिकारक" या दोन शब्दांच्या भरवशावर यातला वाण घेऊ नका, फ्युजारियमचं वेगळं विचारा. जिवाणूला चालणारा वाण बुरशीला चालेल असं अजिबात नसतं, आतली यंत्रणाच वेगळी.

उलट बाजूला पुसा रुबी बघा. दिल्लीच्या पुसा संस्थेचा जुना, चवीला चांगला, परसबागेत अजून लावला जाणारा वाण, पण फ्युजारियमला इतका पटकन बळी पडतो की संशोधनात रोग येतोच आहे ना हे तपासायला मुद्दाम तो लावतात. जुने देशी आणि परदेशातले हेअरलूम, म्हणजे पिढ्यान्पिढ्या बी राखून जपलेले, वाण बहुतेक याच रांगेतले. चव एक नंबर, पण जमिनीत बुरशी असेल तर टिकत नाहीत.

आता पाकीट वाचायला शिका. संकरित बियाण्याच्या पाकिटावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. व्ही म्हणजे व्हर्टिसिलियम, एफ म्हणजे फ्युजारियम, एन म्हणजे निमॅटोड, मराठीत सूत्रकृमी, मुळांवर गाठी आणणारे बारीक कृमी. हल्ली एफ ऐवजी एफओएल असं लिहितात. त्याच्या आधी एचआर असेल तर उच्च प्रतिकारक, आयआर असेल तर मध्यम, म्हणजे रोगाचा जोर असला की झाड थोडंफार दाखवणार. एफओआर किंवा एफओआरएल असं दिसलं तर ते वेगळं प्रकरण आहे, ती बुंधा आणि मूळ कुजवणारी फ्युजारियम, थंड हवेतली, मरीशी तिची गल्लत करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग अक्षराच्या पुढच्या आकड्यात आहे. या बुरशीच्या तीन रेस, म्हणजे पोटप्रकार, आहेत, एका रेसला अडवणारा वाण दुसरीला अडवेलच असं नाही. हे कसं झालं ते थोडं सांगतो कारण ते कळलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. १९२५ साली अमेरिकेत मार्ग्लोब नावाचा वाण आला, मरीत बऱ्यापैकी तग धरायचा. मग पेरू-इक्वेडोरकडच्या जंगली, वाटाण्याएवढी फळं लागणाऱ्या टोमॅटोत एक असं जनुक सापडलं की बुरशीला दारातच अडवतं. त्याला आय असं नाव दिलं आणि १९४१ मध्ये ते घातलेला पॅन अमेरिका हा वाण आला. लोक खूश. पण त्याच दशकात ओहायोत बुरशीचा असा प्रकार सापडला की ज्याला हे जनुक ओळखूच शकत नव्हतं, ती झाली रेस दोन. मग आय-२ जनुक शोधलं, ते असलेला वॉल्टर हा वाण फ्लोरिडात १९६९ मध्ये दिला, आणि १९७८ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला रेस तीन निघाली. तिच्यासाठी आय-३, तेही दुसऱ्या एका जंगली जातीतून आणलं.

बुरशी हे कसं करते? आय जनुक बुरशीचं एक ठराविक प्रथिन ओळखून झाडाला सावध करतं. रेस दोनने ते प्रथिन बनवणंच सोडून दिलं, आणि रेस तीनने आय-२ ला दिसणाऱ्या दुसऱ्या प्रथिनात जरासा बदल करून घेतला. चोराने गणवेश बदलला, वॉचमन तोच. म्हणून एकाच जमिनीत एकच प्रतिकारक वाण वर्षानुवर्षं लावत राहणं धोक्याचं.

आता आकड्यांतला घोळ. अमेरिकेत रेस एक, दोन, तीन असं मोजतात आणि युरोपात तेच शून्य, एक, दोन असं मोजतात. म्हणजे युरोपियन पद्धतीच्या पाकिटावर "एफओएल ०, १" असेल तर ते अमेरिकेच्या "एफ १, २" इतकंच. दोन्ही पद्धतीचं बियाणं आपल्या बाजारात असतं, त्यामुळे नुसता "१" बघून काही ठरवू नका. शून्यापासून सुरुवात झालीय का ते बघा. शून्य, एक, दोन असे तिन्ही असतील तर सगळ्या रेस आल्या. आणि एफच्या पुढे आकडाच नसेल तर बऱ्याचदा फक्त पहिली रेस धरलेली असते, म्हणजे अर्धवट कवच.

एन बद्दल पण एक सांगतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. सूत्रकृमीला अडवणारं एमआय नावाचं जनुक जमिनीचं तापमान साधारण २८ अंशाच्या वर गेलं की ढिलं पडतं. आपल्या एप्रिल-मे च्या प्लॉटमध्ये काळ्या मल्चिंगखाली जमीन किती तापते ते हात घालून बघा, म्हणजे उन्हाळ्यात पाकिटावरच्या एनवर किती विसंबायचं ते कळेल. सूत्रकृमी मुळं जखमी करून ठेवतात आणि मरीला आयता रस्ता मिळतो, त्यामुळे मुळांवर गाठी असतील तर नुसता एफवाला वाण घेऊन भागत नाही.

मग वाण कुठला घ्यायचा? नाव मी सांगणार नाही, कारण बाजाराला लागणारं फळ, वाहतूक, हंगाम, व्हायरस हे सगळं बघूनच वाण ठरतो, आणि लीफ कर्लला न चालणारा पण मरीला भारी असा वाण उन्हाळ्यात लावला तर मरीपासून वाचाल आणि व्हायरसमध्ये जाल. पद्धत सांगतो. तुमच्या भागात मार्केटला चालणाऱ्या वाणांतले तीन-चार निवडा, प्रत्येकाचं माहितीपत्रक मागून कोड वाचा, एफओएल चे आकडे नाहीत तो वाण मर असलेल्या जमिनीत घेऊ नका. मग त्यातले दोन वाण अर्धे-अर्धे लावा. आणि पहिल्या वर्षी प्लॉटच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत दहा-पंधरा रोपं पुसा रुबीची घाला, साक्षीदार म्हणून. पुसा रुबी मेली आणि संकरित उभं राहिलं तर जमिनीत बुरशी आहे आणि तुमचं कवच चालतंय. दोन्ही मेले, खोडात तपकिरी रिंग आहे, मुळांना गाठी नाहीत, तर बहुतेक तुमच्या वाणाला न जुमानणारी रेस आहे, पुढच्या वेळी वरचा आकडा असलेला वाण शोधा आणि नमुना विद्यापीठात द्या. पुसा रुबी पण मजेत उभी आहे? मग महागड्या वाणाची गरज होती का याचा विचार करा.

कलमी रोपं

जमिनीत मर मुरलेली आहे, दुसरी जमीन नाही आणि टोमॅटोच करायचाय अशी परिस्थिती असेल तर कलमी रोपाचा विचार करा. वर तुमचा आवडता वाण, खाली मरीला दाद न देणारा खुंट. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने यासाठी वांग्याचे खुंट सुचवलेत, ईजी १९५ आणि ईजी २०३, ते फ्युजारियम, जिवाणूची मर, गाठीचे सूत्रकृमी आणि पाणी साचणं असं सगळंच सहन करतात. रोप महाग पडतं. एक काळजी मात्र घ्या, कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. भर लावताना जोड मातीत गेला की वरच्या टोमॅटोला मुळं फुटतात आणि पैसे पाण्यात.

तिसरं काम: जमीन आणि बेवड (आधीचं पीक)

जुलै २०२३ मध्ये नारायणगावला २० किलोचं कॅरेट दोन हजाराच्या वर गेलं होतं, आणि असं एकदा बघितल्यावर टोमॅटोवर टोमॅटो घ्यायचा मोह कुणाला आवरणार. पण मर अशीच वाढते. प्रत्येक पिकाबरोबर बुरशीची शिल्लक वाढत जाते. जिथे मर दिसली तिथे पाच-सात वर्षं टोमॅटो नको असं पुस्तकात लिहिलंय, दोन एकरवाल्या माणसाला ते परवडत नाही हे मलाही कळतं, पण निदान तीन-चार वर्षं तरी मका, ज्वारी, बाजरी, कांदा, लसूण असं काहीतरी फिरवा. ही बुरशी फक्त टोमॅटोला आजारी पाडते, मिरची-वांग्याला नाही, तरी मी टोमॅटोच्या बेवडावर वांगं-मिरची घ्या म्हणणार नाही, कारण जिवाणूची मर आणि सूत्रकृमी त्या दोघांवर मजेत जगतात. झेंडू घ्या, सूत्रकृमी कमी होतात आणि दसऱ्याला पैसे पण होतात.

उन्हाळ्यात रान मोकळं असेल तर सूर्यतापन करा, हे आपल्या हवेत फुकटचं औषध आहे. एप्रिल-मे मध्ये बेड तयार करून, ढेकळं फोडून, पाणी देऊन ओल खोलवर जाऊ द्या, मग २५ मायक्रॉनचा पारदर्शक कागद ताणून टाका आणि कडा मातीत दाबा. काळा नको, पारदर्शकच, काळ्याखाली माती तेवढी तापत नाही. चार ते सहा आठवडे हात लावू नका. वरच्या अर्ध्या फुटात याचा परिणाम चांगला होतो, खोल गेलेली बुरशी राहते, म्हणून नंतर खोल नांगरट करून खालची माती वर आणायची नाही. लोक इथेच घाण करतात.

चुन्याचं ऐकलं असेल. आंबट जमिनीत ही बुरशी जोरात असते, सामू (पीएच) साडेसहा-सातकडे नेला की जोर कमी होतो, त्यामुळे कोकणातल्या जांभ्या मातीत माती परीक्षण करून चुना टाकणं बरोबर आहे. पण जुन्नर, संगमनेर, निफाडकडच्या काळ्या-मध्यम जमिनींचा सामू बहुतेक आधीच साडेसातच्या पुढे असतो, तिथे चुना टाकून फक्त लोह आणि जस्ताची बोंब होईल.

खतात नत्र कुठल्या रूपात देता याने पण फरक पडतो. अमोनियम सल्फेटसारखी अमोनियाची खतं मरीला खतपाणी घालतात, नायट्रेटमधलं नत्र त्या मानाने बरं, म्हणून मर असलेल्या प्लॉटला ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५ यावर जास्त भर द्या आणि युरियाचा हात आवरता घ्या. कच्चं शेणखत नको. बेड निदान एक फूट उंच, पाणी साचता कामा नये, आणि पाट-पाणी मुळीच नको कारण एका झाडाची बुरशी पाण्याबरोबर पूर्ण सरीला पोचते.

चौथं काम: रोप आणि ट्रायकोडर्मा

नर्सरीतून रोप आणताना मातीत वाढवलेलं घेऊ नका, कोकोपीटवरचं, ट्रेमधलं, २५-३० दिवसांचं घ्या. पाच-सहा रोपं उपसून मुळं बघा, पांढरी असली पाहिजेत. जुने ट्रे न धुता परत वापरणारी नर्सरी असेल तर तिथून काढता पाय घ्या.

ट्रायकोडर्मा ही चांगली बुरशी, ती मुळाभोवती जागा धरते आणि फ्युजारियमला फिरकू देत नाही. एकरी दोन-अडीच किलो ट्रायकोडर्मा शंभर-दीडशे किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत, ओलसर ठेवून, गोणपाटाने झाकून दहा-पंधरा दिवस ठेवा, मधे एकदा खालीवर करा, आणि मग बेडमध्ये लागणीआधी टाका. पांढरी-हिरवी बुरशी वाढलेली दिसली की समजा जमलं. बरोबर एकरी दोनशे किलो निंबोळी पेंड घातली तर सूत्रकृमीला पण चाप बसतो. पण ट्रायकोडर्मा टाकून दोन दिवसांत बुरशीनाशकाची आळवणी करणारे मी बघितलेत. बुरशीनाशक बुरशीच मारणार, तिला चांगली-वाईट कळत नाही. मधे आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा. आणि जमिनीत मर मुरलेली असताना नुसत्या ट्रायकोडर्मावर पुसा रुबी उभी करून दाखवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, हा जोडीदार आहे, वाणाला पर्याय नाही.

पाचवं काम: प्लॉट उभा असताना

वाफसा ठेवा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही. ठिबक आहे म्हणून रोज दोन तास सोडायचं असं नसतं, बोटभर माती उकरून बघा. खुरपताना, भर लावताना मुळं तोडू नका, प्रत्येक जखम म्हणजे दार.

पहिलं झाड पिवळं पडलं, चिरून बघितलं, फ्युजारियम निघालं. आता ते झाड मातीसकट उपटून गोणीत भरा आणि प्लॉटच्या बाहेर नेऊन जाळा, बांधावर टाकू नका, कंपोस्टच्या खड्ड्यात तर अजिबातच नको. त्या खड्ड्यात आणि आजूबाजूच्या पाच-सहा झाडांना कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम किंवा कार्बेन्डाझिम लिटरला एक ग्रॅम अशी आळवणी करता येते, लेबलवरचं प्रमाण आणि तोडणीआधीचा काळ बघून. यातून मेलेलं झाड जिवंत होणार नाही, शेजाऱ्याला थोडा वेळ मिळेल इतकंच. खरं सांगायचं तर फळं भरलेली असतील आणि झाड अर्धवट पिवळं असेल तर एवढ्यावरही खर्च करण्याआधी हिशोब करा, उरलेल्या तोड्यांत तो खर्च निघतोय का. मेलेल्या जागी टोमॅटोच्याच नांग्या भरायच्या नाहीत, म्हणजे परत टोमॅटोचं रोप लावायचं नाही, ती जागा रिकामी ठेवा किंवा मका टोचा. आणि त्या ओळीत काम केलेलं खुरपं, बूट, धुवूनच दुसऱ्या ओळीत जा, मजुरांना निरोगी बाजूकडून सुरू करून आजारी बाजूला शेवटी पाठवा.

गच्चीवर आणि परदेशात लावणारे

कुंडीतल्या लोकांचं सोपं आहे. मर आली की माती बदला आणि कुंडी धुऊन उन्हात वाळवा, ती माती दुसऱ्या टोमॅटोला वापरू नका, पालेभाजीला चालेल. हेअरलूम लावायची हौस असेल तर कुंडीसारखी जागा नाही, नवीन कोकोपीट-गांडूळखतात ते छान येतात. अमेरिकेत घरामागे लावणाऱ्या आपल्या मंडळींना एक सोय आहे, तिथे पाकिटावर, रोपाच्या पट्टीवर व्हीएफएन असं सरळ छापलेलं असतं, आणि गार भागात असाल तर तिथे व्ही सुद्धा बघून घ्या, इथल्यासारखं सोडून देऊ नका.

शेवटचा तोडा झाल्यावर

झाडं बेडमध्येच रोटरने फिरवायची नाहीत, मुळासकट काढून बाहेर. मग बांबू. हे कुणाच्याच लक्षात येत नाही, बांधणीचे बांबू आणि काठ्या एका प्लॉटमधून दुसऱ्या प्लॉटमध्ये जातात, भाड्याने गावभर फिरतात, आणि जमिनीत गेलेल्या टोकाला चिकटलेल्या मातीबरोबर बुरशी पण फिरते. टोकाची माती खरवडून काढा, टाकीत एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी घेऊन टोकं अर्धा तास बुडवून ठेवा, हातात मोजे घाला, मग कडक उन्हात वाळवून रचा. एकरभर बांबूला दोन माणसांचा एक दिवस जातो. आणि गटाच्या नकाशाची झेरॉक्स काढून तीवर कुठल्या ओळीत, कुठला वाण, साधारण किती झाडं मरीने गेली याच्या खुणा करून ठेवा, पुढच्या वेळी बियाणं घ्यायला जाताना ती बरोबर न्या.